लाल जोहार आणि एक मूठ तांदूळ

विसाव्या वर्षी मी क्रांती केली होती. पुण्यात, आमच्या कॉलेजच्या जिन्यावर, दुपारभर. संध्याकाळी करता आली नाही, कारण आईला दळण आणून द्यायचं होतं. खांद्याला शबनम, अंगात भावाचा कुर्ता, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातल्या समस्त कष्टकऱ्यांनी मला विचारल्याशिवाय सकाळचा चहासुद्धा घेऊ नये. आमच्या विद्यार्थी संघटनेनं त्या जिन्यावर आदिवासींच्या जमिनीवर, जंगलावर आणि शिक्षणावर ठराव केले. सगळे एकमताने मंजूर झाले. एकमत व्हायला अडचण नव्हती. जिन्यावर एकही आदिवासी नव्हता.

म्हणून या हिवाळ्यात नातीचा फोन आला, "आजी, माझ्याकडे येतेस का? इथल्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या डाव्या संघटनेची बैठक आहे," तेव्हा मी गुडघ्यांना न विचारताच हो म्हणाले. नात म्हणजे मुक्ता. ती भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या एका कॉलेजात शिकवते. संघटनेचं नाव इथे लिहीत नाही, पोरांनी तसं सांगितलंय. "आमचं नाव नका लिहू, काम लिहा," म्हणाली. आमच्या वेळी उलटं होतं.

वरठी ते साकोली

भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. हे मला पहाटे उतरल्यावर कळलं. बाहेर धुक्यात पोलाद कारखान्याचे दिवे तरंगत होते आणि पाळी सुटलेली माणसं कानटोप्या घालून मोटारसायकलींवर, सायकलींवर घराकडे निघाली होती. मुक्ता मला घ्यायला आली होती. तिनं माझी बॅग उचलली आणि विचारलं, "यात काय दगड आहेत?"

"पुस्तकं. तुझ्या पोरांना वाटायला."

"आजी, त्यांनी वाचलीत ती. तू पुन्हा वाच, बैठकीत लागेल."

विसाव्या वर्षी कुणी असं बोललं असतं, तर मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं. आता हसू आलं, आणि बॅग तिच्याच हातात राहू दिली.

साकोलीकडे जाताना धुकं विरलं आणि मी गप्प झाले. माझ्या घरच्यांनी ही घटना नोंदवून ठेवावी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, त्यांत रचलेले पुंजणे, आणि कापलेल्या धसकटांतून वर आलेलं कोवळं हिरवं पीक. ही लाखोळी, इथली डाळ. धान उभं असतानाच ती शेतात फेकतात, आणि धान गेल्यावर उरलेल्या ओलीवर ती आपली आपण वाढते. ना नांगर, ना पाणी. आणि तलाव! एक संपतो न संपतो तोच दुसरा. पुण्यात आमच्याकडे एक धरण भरलं तर वर्तमानपत्रात फोटो येतो. इथं प्रत्येक गावाला आपलं पाणी आहे, त्यात कमळं आहेत, बगळे आहेत, आणि कंबरभर पाण्यात उभा राहून जाळं फेकणारा कुणीतरी आहे, ज्याला या सगळ्याचं काहीही विशेष वाटत नाही.

साकोलीच्या बाजारात मी नव्या तांदळाची एक पिशवी घेतली, पुण्याला न्यायला. तिचा वास असा होता की गाडीत मी ती मांडीवरच ठेवली.

तलावाकाठी

बैठक रविवारी होती, सानगडीच्या अलीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडांखाली. जवळच मुलींचं वसतिगृह होतं. भाड्याची, चुना उडालेली इमारत. आसपासच्या पाड्यांवरच्या मुली तिथं राहून साकोलीला शिकतात. झाडाला लाल झेंडा बांधला होता. खोडाला टेकवून दोन दाढीवाल्या परदेशी बाबांचे फोटो ठेवले होते, आणि त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. हे दोघं माझ्या ओळखीचे. जिन्यावर आमच्याही मागे असायचे, फक्त हार नसायचे.

"लाल जोहार, आजी!" एक मुलगी पुढे आली. ही प्रमिला उईके, वसतिगृहातच राहणारी. बारीक, काळीसावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत थेट बघणारी. बारावीला आहे आणि नर्सिंगला जायचं तिनं पक्कं केलं आहे. तिच्याशेजारी मोठ्या पातेल्याखाली लाकडं सारत होता तो धनराज, संघटनेचा सचिव.

"सचिव स्वयंपाक करतो?" मी विचारलं.

"सचिवच करतो," धनराज म्हणाला. "नाहीतर भाषण करत बसतो."

मी आमच्या जिन्यावरच्या सचिवाला आठवलं. त्याला चहासुद्धा आम्ही मुली आणून देत होतो, आणि त्यावर तो स्त्रीमुक्तीबद्दल बोलत होता. आणून देणाऱ्यांत सगळ्यात पुढे मी होते. दोन चमचे साखर घालून.

येणारा प्रत्येक जण घरून तांदूळ घेऊन येत होता आणि पातेल्याशेजारच्या टोपलीत एक मूठ टाकत होता. मला वाटलं, काहीतरी पूजा आहे. मी माझ्या पिशवीतून चार दाणे उचलले आणि लग्नात टाकतात तशा अक्षता टाकल्या.

"आजी, चिमूट नाही," प्रमिला हसू दाबत म्हणाली. "मूठ."

मी मूठ टाकली. आपण कशावर सही केली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

इतक्यात पाळीवरून एक माणूस आला. धोतर, स्वेटर, खांद्यावर दुपट्टा. प्रमिलाचा चेहरा उतरला. हे तिचे वडील, सुकरामभाऊ. ते कुणाशी न बोलता टोपलीपाशी गेले, दुपट्ट्याच्या टोकाला बांधलेला तांदूळ सोडला, मूठ टाकली आणि मगच मुलीला म्हणाले, "जेवून घे, अन् सामान बांध. घरी जायचं आहे."

"बाबा, आधी बैठक."

"म्हनून तं मूठ टाकली. नाई तं तुमी मले बोलू देसान का?"

बैठक

प्रकरण असं होतं. हे सरकारी वसतिगृह बंद करून मुलींना भंडाऱ्याला हलवायचं खात्यानं ठरवलं होतं आणि सोमवारी सामान न्यायला ट्रक यायचा होता. भंडारा दूर. कित्येक घरची माणसं मुलींना तिकडे पाठवणार नाहीत, घरी बसवतील. सुकरामभाऊ त्यांतलेच. म्हणून संघटनेचा विचार होता की सोमवारी मुलींनी फाटकात बसायचं आणि ट्रक आत येऊ द्यायचा नाही.

मी मान डोलावली. उत्तम. माझा तर पाठिंबा तयारच होता. पन्नास वर्षांपासून.

सुकरामभाऊ उभे राहिले. "पोलीस आले तं?"

"येऊ द्या," एक मुलगी म्हणाली.

"येऊ द्या म्हनते! केस लागली तं नर्सिंगले कोन घेईन इले? तू घेशीन?" मग प्रमिलाकडे वळून, "भंडाऱ्याले मी धाडत नाई, अन् इथं तुले पोलिसाच्या गाडीत बसू देत नाई. चल घरी."

"घरी जाऊन काय करू, बाबा?"

"काय करू म्हन्जे? घर आहे ना आपलं."

"तेच तं," प्रमिला म्हणाली. "घर आहे. दवाखाना कुठं आहे?"

आता मतदान होईल, हात वर होतील, बाप एकटा पडेल आणि मुलगी जिंकेल, असं मी धरून चालले. हात कुणीच वर केला नाही. मुक्तानं माझ्या कानात सांगितलं, "इथं हात मोजत नाहीत. ज्याची मूठ पातेल्यात आहे, त्या प्रत्येकाचं हो लागतं. एकाचंही नाही असेल तर उठता येत नाही."

"आणि नाहीच म्हणत राहिला तर?"

"तर बसायचं."

आणि ते बसले. एकेकानं बोलायचं, मध्ये तोडायचं नाही. धनराज भात ढवळत ऐकत होता. मध्ये जेवण झालं. त्याच टोपलीतल्या मुठींचा भात, लाखोळीचं वरण, लाखोळीचेच वडे, आणि तलावावरच्या जाळेवाल्यांनी आणून दिलेल्या झिंग्यांची अशी चटणी की माझ्या नाकातून आणि डोळ्यांतून एकदम पाणी आलं. त्या भातात कुठे जाड दाणा, कुठे बारीक, कुठे लाल. सगळ्या घरचा भात एका पातेल्यात! मी तीनदा वाढून घेतला. आणि मग जे व्हायचं तेच झालं. ऊन कोवळं, मोहाची सावली, पाठीला झाडाचं खोड. मी झोपले.

जाग आली तेव्हा आधी शांततेनं आली. डोळे उघडले, तर सगळे तसेच गोल बसलेले. कुणी गवताची काडी मोडतंय, कुणी तलावाकडे बघतंय. एक मुलगी झोपलेल्या भावंडाला घालतात तसा मला ओढणीनं वारा घालून तोंडावरच्या माश्या हाकलत होती. ऊन पार पलीकडच्या काठावर गेलं होतं.

"काय झालं?" मी दचकून विचारलं.

"झालं सगळं," धनराज म्हणाला. "सुकरामकाकापण हो म्हणाले. तुमचं तेवढं राहिलं, आजी."

"माझं?"

"तुमची मूठ होती ना."

"अरे, मग उठवायचं!"

"झोपेतून उठवून घेतलेलं हो कसलं?" तो म्हणाला, अगदी सहज.

वाचकहो, माझं नाव सभ्य वस्तीत चांगलं आहे. सोसायटीच्या सभेत मी बोलायला उभी राहिले की अध्यक्ष घड्याळ बघतात. आणि इथं ही एवढी पोरं, दुसऱ्या दिवशी ज्यांच्या दारात ट्रक येणार होता, ती एका घोरणाऱ्या परक्या म्हातारीच्या मतासाठी ऊन उतरेपर्यंत थांबली होती. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगते, त्याआधी अंगावर काटा आला.

तरी सवय जाते कुठे? मी लगेच मूठ आवळून म्हणाले, "माझा पूर्ण पाठिंबा आहे!"

"कायले?" सुकरामभाऊंनी विचारलं.

कशाला ते मला माहीत नव्हतं. सगळे हसले, मुक्ता तर तोंडाला ओढणी लावून. जिन्यावरची ती शबनमवाली मुलगी पन्नास वर्षांनी पहिल्यांदा पकडली गेली.

इथला दुसरा नियम मला तेव्हा कळला. ज्याला ठाऊक नाही त्याला समजावून सांगायचं, आणि ते सांगायचं त्यानं, ज्यानं सगळ्यात शेवटी हो म्हटलं. म्हणजे सुकरामभाऊंनी. ते माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले.

"पाहा माय," ते म्हणाले, "असं ठरलं का उद्या पोरी फाटकात बसतीन."

"बरं."

"ट्रक आला तं उठनार नाई. साहेब रागावला तं उलटून बोलनार नाई. अन् पोलीस आले..."

"तर?"

"तं गाडीत बसतीन."

"तुमची प्रमिलासुद्धा?"

"ते पन."

"हे तुम्हाला पटलं?"

"पटलं नाई. थकलो. सारे पोरं माह्या तोंडाकडं पाहून राहिले होते." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पन मी तुमाले सांगून राहिलो अन् मलेच आयकू येऊन राहिलं. फाटकात पोरी. अन् आमी कुठं? आमी घरी बसून वाट पाहू, का पोरगी सुटली का?" ते एकदम उभे राहिले. "पोरी काहून बसतीन बे, धनराज? पोरीयचे पेपर आहेत. मायबाप बसतीन फाटकात! आमाले कोनतं नर्सिंग करायचं आहे? पोरी आतमधी बसून अभ्यास करतीन. बाजेवर बसलेल्या पोरीची बाज कोन उचलते, पाहू."

मग प्रमिला म्हणाली, "बाबा, तुम्ही बसाल?"

"आता बसलोच आहो ना सकाळपासून!"

पण ठराव बदलला होता, म्हणून पुन्हा पहिल्यापासून प्रत्येकाला विचारलं गेलं. धनराजनं चहा टाकला. माझी पाळी आली तेव्हा मी आधी शंका विचारली, "आज्या चालतात का फाटकात?" चालतात म्हणाले. मग मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं समजून उमजून दिलेलं राजकीय मत.

फाटकात

सोमवारी सकाळी धुक्यातून मायबाप येत गेले. कुणी चालत, कुणी सायकलवर, एक आजोबा मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून. ट्रक येईल का, पोलीस येतील का, याची चर्चा कुणी करत नव्हतं. बाया बरोबर आणलेली भाजी निवडत बसल्या. पुरुष धानाच्या भावावर बोलत होते. आत अंगणात मुली आपापल्या बाजांवर बसून मोठ्यानं वाचत होत्या. प्रमिलाचा आवाज वेगळा ओळखू येत होता. हृदयाचे कप्पे, डावा, उजवा. सुकरामभाऊ फाटकाला पाठ टेकून बसले होते. त्यांना त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण ती थांबली की ते मान वळवून बघत.

ट्रक आला. मागून खात्याच्या साहेबांची जीप. साहेब तरुण होते, आणि मुळात वाईट नव्हते, दमलेले होते.

"हे काय? तुमचा नेता कोण?"

"आहो ना सारे," सुकरामभाऊ म्हणाले.

"बोलायचं कुणाशी मी?"

"एकेकाशी बोला. आमाले घाई नाई."

साहेबांची नजर माझ्यावर आली. माझी काठापदराची साडी आणि चष्मा त्या घोळक्यात बसत नव्हता. "या बाई कोण? कुठून आल्या?"

मी माझं पन्नास वर्षं राखून ठेवलेलं भाषण सुरू करणार, तोच सुकरामभाऊ म्हणाले, "आमच्या पातेल्यातली आहे."

भाषण जागेवरच विरघळलं. याच्यापेक्षा मोठी ओळख मला कुणी करून दिलेली नाही.

साहेब बाजूला जाऊन फोनवर बोलू लागले. ट्रकचा ड्रायव्हर, वरठीचा एक मध्यमवयीन माणूस, खाली उतरून भाताच्या वासाकडे बघत उभा होता. धनराजनं चूल तिथंच मांडली होती.

"ये ना भाऊ, जेव," सुकरामभाऊ म्हणाले.

"अन् हे टोपली कायची?"

"मूठ टाकली तं तुलेबी विचारू, काय करायचं ते. नाई टाकली तं पाहुना म्हनून जेव. विचारनार नाई."

ड्रायव्हरनं टोपलीत वाकून पाहिलं. "मले विचारसान?" तो म्हणाला. "माह्या ट्रकात काय भरायचं, हे आजपरेंत मले कोनी विचारलं नाई, भाऊ." मग ओशाळून हसला. "पन माह्याजवळ तांदूळ कुठं आहे?"

आता माझं वय लक्षात घेता मी शांत बसायला हवं होतं. मी माझी साकोलीची पिशवी सोडली आणि त्याच्यापुढे धरली.

त्यानं साहेबांच्या पाठीकडे पाहिलं. पिशवीत हात घातला. मूठ टोपलीत पडली, आणि सुकरामभाऊ, ज्यांना मी दोन दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं, पोट धरून हसले. "घ्या! आता ड्रायव्हरचंबी हो पायजे!"

ड्रायव्हर पत्रावळ घेऊन आमच्यात बसला. आतल्या वाचणाऱ्या पोरींकडे पाहत त्यानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "माहं नाई. मी भरत नाई."

साहेब फोन संपवून आले तेव्हा त्यांचा ट्रक होता, पण ड्रायव्हर आमचा होता. मग त्यांनी आत जाऊन मुलींना विचारलं, परीक्षा कधी, कोण कुठून येतं. प्रमिलाशी जरा जास्तच बोलले. बाहेर येऊन सुकरामभाऊंना म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत राहू द्या इथंच. पुढचं वर कळवतो." त्यांनाही जेवायला बोलावलं. ते नको म्हणाले, आणि टोपलीपासून चार पावलं लांबूनच जीपकडे गेले. शहाणा माणूस.

परत

दुसऱ्या दिवशी निघताना सुकरामभाऊ बसथांब्यावर आले. दुपट्ट्याची गाठ सोडून त्यांनी माझ्या पिशवीत एक मूठ तांदूळ टाकला.

"हे कशाला?"

"तुमची एक मूठ ड्रायव्हरकडं गेली ना. बाकी ठेवू नये."

"प्रमिलाला घरी नाही नेणार ना आता?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "काल जेवतानी म्हने, बाबा, तुमचं हृदय डाव्या बाजूले आहे. म्या म्हटलं, माह्या बापाचंबी होतं, आमाले कोनी सांगितलं नाई. शिकू दे तिले."

पुण्यात आल्यावर सोसायटीची सभा झाली. नेहमीप्रमाणे सगळं एकमताने मंजूर होत होतं. वॉचमन बाहेर खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या पाळीच्या तासांबद्दल ठराव होता. मी हात वर केला आणि म्हणाले, त्याला आत बोलवा, विचारू. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, मला घाई नाही. त्या दिवशी सभा फार लांबली आणि तेव्हापासून जिन्यात काही लोक माझ्याशी बोलत नाहीत. जिने मला लाभत नाहीत, असं दिसतं.

काल मी त्याच तांदळाचा भात टाकला होता, तोच फोन वाजला. सुकरामभाऊ. मागे गलका, भांड्यांचे आवाज.

"माय, पोरीचे पेपर चांगले गेले. आता वसतिगृहाचं पुढचं बसनं चालू आहे. साहेबानं नवीन गोष्ट सांगितली. पह्यल्या ठरावात तुमची मूठ होती, म्हनून तुमाले विचारल्याशिवाय बदलता येत नाई. बोला, हो का नाई?"

जिभेवर हो आलंच होतं. जुनी खोड.

"आधी समजावून सांगा," मी म्हणाले.

"सांगतो ना. माह्यावरच आलं आहे सांगनं," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले. ताठ. खोडाला टेकून नव्हे.